बिजागऱ्यांचा ड्रेस

अमेरिकेत ‘नर्व्हस सिस्टिम’ नावाचा एक डिझाइन स्टुडिओ आहे, २००७ साली सुरू झालेला. ही मंडळी वस्तूचं चित्र काढत बसत नाहीत. ती कशी वाढावी याचे नियम कोडमध्ये लिहितात. पानात शिरा फुटत जाव्यात तशी दिव्याची जाळी संगणकात फुटते आणि थ्रीडी प्रिंटर ती बाहेर काढतो. एक दिवा दुसऱ्यासारखा नाही. थोडक्यात, एकमेव वस्तूंचं घाऊक उत्पादन!

खरी कमाल त्यांच्या ‘किनेमॅटिक्स ड्रेस’ची. नायलॉनचे २,२७९ त्रिकोणी तुकडे, ३,३१६ बिजागऱ्या, आणि सगळं जोडलेल्या अवस्थेतच छापलेलं. टाका नाही, जुळणी नाही. उलगडलेला ड्रेस प्रिंटरमध्ये मावत नाही, म्हणून त्याची घडी आधी संगणकातच घातली. म्हणजे इस्त्रीवाल्याचं कामही गेलं. आता एखादी बिजागरी निखळली तर रफूवाला गाठायचा की सुतार, एवढं ठरलं की झालं.

वेगळेपणासाठी कोड लागतोच असं नाही म्हणा. आमच्या टेलरमास्तरांकडे एकाच मापाची दोन ब्लाउजं टाका, दोन्ही एकमेव होऊन येतात. शिवाय भांडायला माणूस समोर असतो.

तर हा उपयोगी, अंगात घालण्याजोगा ड्रेस २०१४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी घेतला. त्यामुळे घालून बघायचा प्रश्नच मिटला.