मातीला विचारणारा ऑटो

लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो मंठ्याच्या शिवारात घरटी एक सापडेल. तसला बाजारू ऑटो इंजिनिअरच्या घरात? माझा ऑटो आधी मातीला विचारणार होता. मोसंबीच्या मुळाशी दोन खिळे, तिथून स्टार्टरपर्यंत वायर, पेटीत बारा व्होल्टची बॅटरी आणि एलएम ३५८ हा ऑप-अँप. पेटीवर पेंटरकडून माझं नाव आधी घातलं, सर्किट नंतर जोडलं.

माती कोरडी तर साडेदहा व्होल्ट, ओली तर शून्य, असा हिशोब. मीटर दाखवायचा पाच. रिले नुसता गुरगुरायचा.

ऑप-अँपचा स्वभाव थेट आमच्या भावकीतून उचललेला. इनपुट दोन. कुणाकडे किती, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दोघांत फरक किती, तेवढाच बघतो आणि लाखपट करतो. भावाभावांना दहा-दहा एकर असो की गुंठा-गुंठा, भांडण वीतभर सरकलेल्या बांधावरून. फरक मिलिव्होल्टचा, आउटपुट थेट तहसिलीत. आउटपुटचा थोडा हिस्सा उलट्या इनपुटला परत दिला की तो शुद्धीवर राहतो. म्हणजे चुलती मध्ये पडते. पण नुसती तुलना करायला बसवलेल्या ऑप-अँपला चुलती चालत नाही.

गंमत म्हणजे लाईट गेली की सर्किट निर्दोष चालायचं. फक्त लाईट नसताना मोटर चालत नाही. मंठ्यात अशी निर्दोष वेळ मला भरपूर मिळाली. ऑसिलोस्कोप नव्हता, म्हणून आउटपुटला कपॅसिटरमधून इयरफोन लावला. ‘हुंऽऽ’. पन्नास हर्ट्झ! खिळ्यांची वायर मोटरच्या केबलला चिकटून गेली होती आणि विजेची घरघर मातीचा निरोप म्हणून पोचवत होती. आउटपुट सेकंदाला शंभरदा मत फिरवत होतं. मीटर बिचारा सरासरी सांगत होता. वायर वेगळी नेली, इनपुटला कपॅसिटर टाकला, आउटपुटपासून सरळ इनपुटला दहा लाख ओहमचा रेझिस्टर जोडला, म्हणजे एकदा दिलेला शब्द किरकोळ कारणाने फिरवायचा नाही. रिले गप्प झाला.

शेतीची लाईट आमच्या पाळीला रात्री येते. पिकाला तहान मध्यरात्रीच लागते, हे कुणी ठरवलं कोण जाणे. टॉर्च धरून, साप-विंचू चुकवत अण्णांनी अर्धं आयुष्य त्या बांधावरून ये-जा केली. ही खटपट त्यासाठी होती. निदान निम्मी तरी.

अण्णा अजूनही रात्री उठतात. मोटर आपोआप सुरू झाली का, ते बघायला.

‘डब्यावर भरवसा आहे रे,’ म्हणतात, ‘लाईटीवर नाही.’