मॅकँडलेसांच्या घरचं

"कोण गं हा, तुझ्या चिरंजीवांनी खोलीत चिकटवलेला? बसला टेकून हसतोय तो?"

"क्रिस मॅकँडलेस, काकू. अमेरिकेतला. त्याच्यावरचा शॉन पेनचा सिनेमा बघितल्यापासून आमच्याकडे नोकरीचं नाव काढायची सोय नाही."

"हिप्पी का?"

"छे, चांगला शिकलेला. १९९० साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवी घेतली आणि खात्यातले २४,००० डॉलर ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेला देऊन मोकळा झाला."

"चोवीस हजार! बापाने काही विचारलं नाही?"

"बापाला कळलं कुठे! हा मोटार घेऊन पसार. आणि डोकं बघा, पोस्टात सांगून ठेवलं की माझी पत्रं एक ऑगस्टपर्यंत राहू द्या. इकडे आई-बाप आपले लिहितायत, आणि एक दिवस सगळी पत्रं गठ्ठ्याने परत! तोवर याने नावसुद्धा बदललेलं. अलेक्झांडर सुपरट्रॅम्प."

"घरी कमी होतं का काही?"

"कमी? वडील नासात इंजिनिअर होते, पुढे स्वतःची कंपनी. पदवीची भेट म्हणून नवी मोटार घेऊन देतो म्हणाले, त्याचाच याला राग."

"उगीच नाही गं. मोटार देऊ केली म्हणून कोणी रानात जात नाही. घरात काहीतरी असणार."

"होतंच." वहिनींनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "वडिलांची पहिली बायको होती. आणि क्रिस जन्मल्यावरही त्या पहिलीला यांच्यापासून मूल झालं. पोराला पत्ताच नाही! १९८६ च्या उन्हाळ्यात लहानपणच्या गावी गेला, कॅलिफोर्नियात, तिथल्या जुन्या ओळखीच्यांकडे बसला, आणि त्यांच्या बोलण्यातून एकेक तुकडा जोडत गेला. जॉन क्राकाउरच्या पुस्तकात आहे सगळं."

"म्हणजे आपल्यासारख्याच कुणीतरी..."

"हो."

"बरं, पुढे सांग."

"बहिणीने २०१४ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. त्यात तिने घरच्या मारहाणीचंही लिहिलंय. आई-वडिलांना ते मान्य नाही."

"नसणारच. म्हणजे बापाचा राग नोटांवर निघाला तर."

"जाळल्यासुद्धा, काकू! ॲरिझोनात अचानक आलेल्या पुरात मोटार अडकली. ती तिथेच सोडली आणि खिशातल्या नोटा पेटवल्या."

"मग खाल्लं काय?"

"दक्षिण डाकोटात धान्याच्या कोठारावर राबला. मध्ये मॅकडोनाल्ड्समध्येही काम केलं."

"समाज नको, मॅकडोनाल्ड्स चालतं!"

"हसू नका. जिथे जाईल तिथे लोक जीव टाकायचे त्याच्यावर. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ऐंशीचे एक आजोबा भेटले. बायको आणि एकुलता मुलगा एकाच अपघातात गेलेले. त्यांनी याला चामड्याचं काम शिकवलं, याने पट्ट्यावर आपला सगळा प्रवास कोरला. शेवटी आजोबा म्हणाले, तुला नातू म्हणून दत्तक घेऊ का? हा म्हणतो, अलास्काहून आलो की बोलू."

"म्हणजे तिथेही अंग काढून घेतलं. लोकांची माया घ्यायची, पण बांधून घ्यायचं नाही. आणि तुझा मुलगा याला धाडस म्हणतो?"

"मीही म्हणते थोडं. स्वतःच्या हिमतीवर दोन वर्षं फिरणं सोपं नाही. २८ एप्रिल १९९२ ला एका इलेक्ट्रिशियनने त्याला अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेलवर सोडलं. जवळ साडेचार किलो तांदूळ, बंदूक आणि पुस्तकं. त्या बिचाऱ्याने परोपरीने समजावलं, शेवटी स्वतःचे रबरी बूट आणि डबा देऊन टाकला. पुढे राहिला तो या १४२ नंबरच्या बसमध्ये. फेअरबँक्स शहराची जुनी बस, रस्ता बांधणाऱ्यांनी नेऊन टाकलेली. आत शेगडी, झोपायची सोय."

"रान रान करत गेला आणि राहिला बसमध्ये."

"जुलैत परत निघाला होता, काकू. हे आमचे चिरंजीव सांगत नाहीत. पण येताना सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी आता दुथडी भरलेली, म्हणून मागे फिरला. तिथून मैलभरही लांब नाही, तारेवरून माणूस नेणारी टोपली होती. पण नकाशाच नव्हता जवळ."

"नकाशा नव्हता, की घेतला नव्हता?"

"घेतला नव्हता. ऑगस्टमध्ये गेला, चोवीस वर्षांचा. सप्टेंबरात शिकाऱ्यांना सापडला तेव्हा वजन तीस किलो. उपासमार, की कसल्या बियांचं विष, यावर क्राकाउरने पुढेही नवे नवे तर्क मांडले. आईने शिवलेल्या स्लीपिंग बॅगेत होता."

"आईची तेवढी चालली."

"चालली."

"बस आहे का अजून?"

"लोक बघायला जायचे ना! त्याच नदीत दोघीजणी बुडाल्या, २०१० मध्ये एक, २०१९ मध्ये एक. दुसरीचं तर नुकतंच लग्न झालेलं. मग २०२० मध्ये लष्करी हेलिकॉप्टरने बस उचलली. आता फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे."

"आणि ती मोटार?"

"ती? पार्कवाल्यांनी दुसऱ्या बॅटरीची वायर लावली, लगेच सुरू. पुढे तीन वर्षं अमली पदार्थ विकणारे पकडायला वापरली."

"म्हणजे बिघडलीच नव्हती?"

"बॅटरी उतरली होती नुसती."

"आणि मेल्याने नोटा जाळल्या! थांब, बॅटरीला किती लागतात ते ह्यांना विचारते, परवाच बदलली आमची."