नाकाचा अंमल

नंदुरबारात थंडी येते ती मिरचीचा ठसका घेऊनच. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली असते आणि वाऱ्याने जरा कूस बदलली की नवखा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. आम्हां गावकऱ्यांना मात्र तिचा पत्ताही लागत नाही. वहिनी नाशिकहून लग्न होऊन आली, तेव्हा पहिला हिवाळा तिने पदर नाकाला लावून काढला. पुढे तीही आमच्यासारखीच निर्ढावली.

पण तिला दुसरा महिना लागला आणि त्याच नाकाला अचानक फौजदाराचे अधिकार मिळाले. गंमत म्हणजे मिरची निर्दोष सुटली. आरोपी ठरला शिजता भात! ज्याला वास असतो हेच आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, असा तो गरीब भात. पाठोपाठ शेवभाजीची फोडणी, देवघरातली उदबत्ती आणि शेवटी दादाचं खोबरेल हद्दपार झालं. दादा बिचारा कोरड्या केसांनी ओट्यावर बसून जेवू लागला.

उपायांना तोटा नव्हता. आईने उशाशी साळीच्या लाह्या ठेवल्या. अंथरुणातून उठायच्या आधीच चार तोंडात टाकायच्या. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, थोडंथोडं खात राहावं, हे डॉक्टरही सांगतात. शेजारच्या काकूंनी आल्याचा तुकडा दिला आणि वर ‘व्हई जाई’ एवढाच दिलासा. पण वहिनीला खरा आधार दिला तो धडगावच्या आमचुराने. सातपुड्यात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून उन्हात वाळवतात, त्यांच्या त्या पांढुरक्या, वाकड्या फोडी. एक फोड गालात धरली की तिचा एक डोळा आपोआप मिटायचा, खांदे वर जायचे आणि मग चेहऱ्यावर शांतता पसरायची. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त गर्भवती सुदक्षिणा माती खाते. हवं-नको सांगायला ती लाजते, म्हणून पृथ्वीचा राजा दिलीप तिच्या सख्यांना विचारत बसतो. आमचा दादाही तसाच काकूंच्या दारात घुटमळायचा. फक्त राज्य नव्हतं.

पिढ्यान्‌पिढ्या या त्रासाला कुणी ना कुणी ‘नखरे’ म्हणत आलं. 2023 साली शास्त्रज्ञांनी त्याचं एक मोठं कारण दाखवून दिलं: जीडीएफ15 नावाचं संप्रेरक. गर्भ आणि वार ते आईच्या रक्तात सोडतात आणि ते मेंदूतलं मळमळीचं केंद्र चाळवतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी, तिला त्रास जास्त. म्हणजे पथारीवरचाच न्याय. सराव नसलेल्यालाच ठसका लागतो. आत एक नवं माणूस आलं होतं आणि वहिनीचं अंग त्याच्याशी ओळख करून घेत होतं, यात नखरा कुठला?

बहुतेकींची मळमळ चौथ्या महिन्याच्या आसपास ओसरते. वहिनीचीही ओसरली, भात घरात परतला, खोबरेल मात्र उशिरा. पण पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन घटत असेल, तर लाह्या-आमचुरावर थांबू नका. पाड्यावरून दवाखाना लांब असेल, तर आशाताईला लवकर कळवा आणि रस्ता धरा.