वस्तऱ्याची उमेदवारी

सुधारणेने माणसाच्या हातातून जी जी धारदार वस्तू काढून घेतली, तिच्याबरोबर त्याच्या अंगची थोडी थोडी अक्कलही काढून घेतली, असे माझे अलीकडे मत झाले असून, त्यास पुरावा म्हणून हनुवटीच्या डाव्या अंगास चिकटवलेला कापसाचा बोळा मी वाचकांपुढे दाखल करीत आहे.

कॉलेजात असताना वडिलांचा सेफ्टी रेझर वारसाहक्काने माझ्याकडे आला आणि तेव्हापासून माझ्या श्मश्रूचा सारा कारभार त्या यंत्राच्याच हवाली होता. पात्याने चेहऱ्याशी किती अंशांचा कोन करावा, किती बाहेर डोकवावे, याचा निकाल कारखान्यातच लागलेला. वर टोपी, खाली कठडा, आणि या दोहोंच्या बंदोबस्तात जखडलेले पाते. मालकाने फक्त दांडा धरून वरून खाली ओढावा, आणि त्या अवधीत वाटल्यास महागाईचा अथवा मुलीच्या लग्नाचा विचार करावा. अनेक वर्षे मी असा माझ्याच चेहऱ्याचा नामधारी राजा होतो.

हा नामधारीपणा जगास बहाल करणारा किंग कँप जिलेट हा अमेरिकन गृहस्थ पेशाने फिरता विक्रेता, पण मनाने स्वप्नाळू समाजसुधारक. स्पर्धा हेच सर्व अनर्थांचे मूळ असल्यामुळे सारे उद्योग एकाच सार्वजनिक कंपनीच्या ताब्यात द्यावेत, आणि नायगाऱ्याच्या धबधब्याजवळ, त्याच्याच शक्तीवर चालणारे एक अवाढव्य नगर वसवून बहुतेक सर्व प्रजा तेथे राहावयास न्यावी, असा ग्रंथ त्याने १८९४ साली प्रसिद्ध केला. प्रजा गेली नाही. तेव्हा त्याने तिच्या दाढीकडे लक्ष वळविले. १९०३ साली त्याचे अवघे ५१ रेझर खपले. पुढच्याच वर्षी तो आकडा नव्वद हजारांवर गेला, आणि पहिल्या महायुद्धात तर अमेरिकन सरकारने आपल्या फौजेसाठी लाखांनी रेझर खरेदी केले. अवघ्या पुरुषजातीस तुळतुळीत करून सोडणाऱ्या या महात्म्याची छबी पात्यांच्या वेष्टनावर छापलेली असे, आणि त्या छबीत त्याने स्वतःची मिशी मात्र भरघोस राखलेली दिसे. कायदा करणाराने स्वतःस त्यातून वगळण्याची पद्धत तेव्हाही होती तर!

मला या यंत्राविरुद्ध फितवले ते आमच्या आळीतल्या सलूनच्या अण्णांनी. घरच्या एका कार्याच्या सकाळी त्यांच्याकडून दाढी करून घेतली, आणि दिवसभर आहेराकडे सोडून मी आपल्या गालाकडेच वारंवार हात नेत राहिलो. दुसऱ्या दिवशी उमेदवारीचा तोंडी अर्ज घेऊन त्यांच्यापुढे रुजू झालो. अण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "साहेब, घरी बरं चाललंय ना त्या मशीनवर? मग कशाला उगाच?" एवढेच ते म्हणाले, परंतु माझा निर्धार पाहून त्यांनी शेवटी कपाटातला एक जुना वस्तरा काढून दिला.

सहाणेवर घासून चामड्याच्या पट्ट्यावर पाजळायचा तो अखंड पोलादाचा वस्तरा त्यांच्या वडिलांच्या धोकटीबरोबरच इतिहासजमा झाला. रक्तातून फैलावणाऱ्या रोगांच्या धास्तीने आता दर गिऱ्हाइकास नवे पाते लागते. साधे दुधारी पाते कागदी वेष्टनात असतानाच मधोमध मोडायचे आणि त्यातले अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचे. म्हणजे माझ्या रेझरमध्ये वर्षानुवर्षे इमानेइतबारे चाकरी केलेले तेच ते पाते. परंतु वरचा साहेब आणि खालचा पहारा उठताच त्याचा स्वभाव आमूलाग्र पालटतो.

नवशिक्याने फुगलेल्या फुग्यावर साबण फासून हात बसवावा, हा या धंद्यातला जुना शिरस्ता. घरी फुगे आणताच सौ.ने "वाढदिवस कुणाचा?" म्हणून चौकशी केली; खुलासा ऐकल्यावर तिने काही न बोलता औषधांचा डबा खालच्या फळीवर आणून ठेवला. फुग्याविषयी अधिक लिहीत नाही. तो भर दुपारी फुटला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

प्रत्यक्ष चेहऱ्यावर आल्यावर प्रथम लक्षात आले ते हे की, आजवर साबणाच्या डब्याव्यतिरिक्त कसलीही जबाबदारी न उचललेला माझा डावा हात हाच या खात्याचा खरा अधिकारी आहे. त्याने कानशिलाजवळची कातडी वर ताणून धरायची, आणि उजव्याने सुमारे तीस अंशांचा कोन राखून, मुळीच न दाबता, वस्तरा आखूड आखूड फिरवीत खाली आणायचा. "दाबायचा नाही साहेब, नुसता फिरवायचा, अन् आडवा तर चुकूनसुद्धा सरकवायचा नाही," ही अण्णांची ताकीद. कोन वाढला की पाते कातडीत शिरते, कमी झाला की केस ओढते. आणि हे दोन्ही गुन्हे एकाच गालावर घडू शकतात. उजवा गाल हा सपाट, निरुपद्रवी मुलूख असल्यामुळे लवकर ताब्यात आला. डाव्या गालासाठी हात नाकावरून पलीकडे नेला, तर मनगटाने आरसाच झाकून टाकला, आणि ऐन मोक्याच्या जागी मला केवळ स्वतःच्या कोपराचे दर्शन घडू लागले. हनुवटीची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. तेथे केस एका दिशेस उगवतच नाहीत, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकही नव्हते.

शेवटी तुरटी. ओल्या चेहऱ्यावरून ती फिरवली म्हणजे वरकरणी सुरळीत दिसणाऱ्या कारभारात नेमकी कोठे अफरातफर झाली आहे, ते ही हिशेबतपासनीस झोंबून झोंबून सांगते.

इतके असूनही मी वस्तरा सोडलेला नाही, कारण त्या वेळात महागाई, लग्नकार्ये आणि वरिष्ठांची मर्जी यांपैकी एकाही विषयाचा विचार करणे अशक्य असते, आणि एवढी स्वस्त विश्रांती मला अन्यत्र आढळलेली नाही. कचेरीच्या दिवशी अर्थातच जुने यंत्र. ज्या वाचकांस हा नाद लावून घ्यावयाचा असेल, त्यांनी रविवारी, भरपूर गरम पाण्याने दाढी भिजवून, कानशिलापासून आरंभ करावा, हात बसेपर्यंत हनुवटी सेफ्टी रेझरच्याच अमलाखाली ठेवावी, आणि मोरीच्या दाराला आतून कडी घालण्यापूर्वी, मध्येच कोणी दार ठोठावू नये, अशी घरातल्या सर्वांस स्पष्ट सूचना देऊन ठेवावी.