स्पीकरवाल्याकडे जाण्याची रीत

मैफलींचे जुने स्पीकर जमवणारा गृहस्थ आणि घरी बसून उत्तम संगीत ऐकणारा हायफायवाला यांची गल्लत करू नये. हायफायवाला तारांवर पैसे घालतो, हा चाकांवर. हायफायवाल्याच्या दिवाणखान्यात नेमक्या जागी एक खुर्ची असते आणि ती वीतभर सरकलेली त्याला खपत नाही. याच्याकडे खुर्ची असलीच तर तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायर ठेवलेला असतो. याला हवे असतात ते साधारण १९६० ते १९९० या काळात मैदानांवर आणि नाट्यगृहांत हजारो माणसांना ऐकू जावे म्हणून बनवलेले खोके: अल्टेक, जेबीएल, मार्टिन, टर्बोसाउंड. रंग काळा, कोपरे लोखंडी आणि एका अंगाला कुठल्या तरी बुडालेल्या भाडे-कंपनीचे ठशाने रंगवलेले नाव. हा गृहस्थ जगभर आढळतो. जपानी शाखेचा ओढा वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि अल्टेक यांच्या सिनेमागृहातल्या कर्ण्यांकडे असतो आणि तिथे कॉफीबरोबर जाझ ऐकवणारी दुकाने या छंदाला पोटापाण्याचा आधारही देतात. इंग्लिश शाखा निराधार आहे. तिची वस्ती, जिथे गॅरेजमध्ये मोटार ठेवण्याची पद्धत नाही अशा गावांत दाट असते. पुढचे विवेचन तिच्यापुरते.

या वस्तू भंगारात कशा आल्या हे कळल्याशिवाय त्या बघायला कोणी शेकडो मैल का जातो ते कळणार नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांवर लोकांपुढे गायले. त्यांचे आवाज लोकांपर्यंत गेले ते बेसबॉलच्या खेळाडूंची नावे पुकारायच्या कर्ण्यांतून. लोकांनी गाणे ऐकले असे म्हणवत नाही, कारण लोक स्वतःच किंचाळत होते. त्यानंतर प्रत्येकाला मोठा आवाज हवासा झाला. तयार माल बाजारात नव्हता, तेव्हा अमेरिकनांनी सिनेमाच्या पडद्यामागचे कर्णे उचलून मंचावर आणले. अल्टेकची १९४५ सालची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका मुळात बोलपटांसाठी होती. तिने पुढची काही वर्षे रॉकची हमाली केली. इंग्लंडात चार्ली वॉटकिन्स यांनी १९६७ च्या विंडसरच्या महोत्सवात १,००० वॉटची यंत्रणा उभी केली. तेव्हा तो आकडा ऐकून लोक चपापले होते. आज गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे तो स्वतःचा अपमान समजेल. १९७१ मध्ये डेव्ह मार्टिन या ऑस्ट्रेलियाहून आलेल्या गृहस्थाने लंडनमध्ये आपली कंपनी काढली आणि तिचे बेस बिन, म्हणजे खालच्या सुरांचे खोके, पिंक फ्लॉइडसारख्यांच्या दौऱ्यांवर फिरू लागले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या ग्रेटफुल डेड या मंडळींनी तर गायकांच्या पाठीमागे सुमारे ७५ टनांची स्पीकरची भिंतच रचली. ती मार्चमध्ये उभी राहिली आणि ऑक्टोबरात सेवानिवृत्त झाली, कारण ती वाहून नेण्यातच मिळकत संपत होती.

दर पिढीने आधीच्या पिढीचे खोके टाकून दिले. शेवटचा घाव १९९० च्या दशकाच्या आरंभी पडला. ख्रिस्तियान हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या कंपनीने ‘व्ही-डॉस्क’ ही एकाखाली एक जोडून उंच टांगायची माळ आणली आणि जमिनीवर रचायचे खोके बघताबघता म्हातारे झाले. भाडे-कंपन्यांनी गोदामे रिकामी केली. काही माल शाळांच्या सभागृहांत गेला, काही चर्चमध्ये, काही रेगे वाजवणाऱ्या जमैकन मंडळींकडे. उरलेला आपल्या गृहस्थाने वाचवला. ‘वाचवला’ हे त्याचे क्रियापद. घरच्यांचे वेगळे आहे.

हा छंद एकट्याला करता येतो, दाखवता मात्र येत नाही. नातेवाइकांना काळा खोका दिसतो, शेजाऱ्यांना तोही दिसत नाही, फक्त जाणवतो. म्हणून समव्यसनी शोधावा लागतो. तो नेहमी लांब राहतो, कारण एका गावाला असे दोन परवडत नाहीत. पत्रव्यवहारात प्रथम मॉडेल क्रमांकांची देवाणघेवाण होते, मग खोक्यांच्या पाठींची छायाचित्रे येतात, नावे बऱ्याच उशिरा. आमंत्रण आले की पाहुणा घरी जाहीर करतो, “नुसतं ऐकायला चाललोय.” निघताना मोटारीची मागची बाके पाडलेली असतात, त्यावर जुने कांबळे अंथरलेले असते आणि कोपऱ्यात दोराची गुंडाळी असते. त्याबद्दल कोणी विचारत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ही समज आलेली असते.

यजमानाच्या घरात शिरताना पहिला शास्त्रीय प्रश्न दाराचा. इंग्लंडात घरातले दार सर्रास २ फूट ६ इंच रुंदीचे असते, म्हणजे ३० इंच. अल्टेकचा ए-७ हा त्या घराण्यातला त्यातल्या त्यात धाकटा खोका. त्याची रुंदीही सुमारे ३० इंच. म्हणजे तो सरळ जात नाही, आडवा करावा लागतो, आडवा केला की कर्णा उंबरठ्याला लागतो, आणि कर्णा काढून ठेवायचा तर स्क्रू १९६८ पासून गंजलेले. अशा घरात स्पीकर आत असेल तर तो कसा आत आला हे विचारणे हा शिष्टाचार आहे. उत्तराला वीस मिनिटे लागतात आणि त्यात एक खिडकी काढलेली असते.

दिवाणखान्यात एक जोडी ठेवायची परवानगी असते. तिच्यावर फुलदाणी असते. ही फुलदाणी म्हणजे घरातल्या तहनाम्यावरची मोहोर असून यजमान ती हलवत नाही. बाकी साम्राज्य गॅरेजमध्ये. तिथे जाताना यजमान अमुक दोन खोके आपले नाहीत, दुरुस्तीला आलेत, असे मोठ्याने सांगतो. पाहुण्याने मान डोलवावी. ते वाक्य पाहुण्यासाठी नसते.

गॅरेजमध्ये शिरल्यावर पाहुणा खोक्यांच्या मागे जातो. पुढून सगळेच बघतात, जाणकार पाठ बघतो. तिथे चिकटवलेला कागद, अनुक्रमांक, जुने गोल जोड आणि अमुक नाट्यगृहाच्या नावाची अर्धवट खरवडलेली चिठ्ठी असते. मग बोटाच्या पेरांनी प्लायवूड वाजवायचे. बर्चच्या प्लायवूडचा आवाज कोरडा येतो आणि तो आला की दोघे एकमेकांकडे बघतात. त्यानंतर टॉर्चच्या उजेडात स्पीकरच्या कागदी शंकूच्या कडेची झालर तपासली जाते. फोमची झालर पंधरावीस वर्षांत हाताला चिकटून निघते. कापडाची, चुण्या घातलेली झालर मात्र मालकापेक्षा जास्त टिकते. मैफलींच्या स्पीकरना बहुधा कापडाचीच असते. म्हणून हा छंद शक्य आहे.

इथे चुंबकाचा वाद निघतो आणि तो टाळू नये. जुने चुंबक अल्निकोचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे. १९७८ मध्ये तेव्हाच्या झाइरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, जगाचा बराचसा कोबाल्ट तिथून येत असल्याने त्याचे भाव भडकले आणि कारखाने फेराइटच्या चुंबकांकडे वळले. आफ्रिकेतल्या एका प्रांतातल्या बंडाळीमुळे बेसचा आवाज कायमचा बिघडला, असे अल्निकोवाल्यांचे म्हणणे. फेराइटवाले म्हणतात की नीट बनवलेल्या फेराइटमध्ये कानाला फरक कळत नाही, उलट अल्निकोच जोरदार वापराने कमजोर होतो. दुसरी बाजू बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. पण अल्निकोवाल्याच्या गॅरेजमध्ये उभे राहून ते बोलण्याची गरज नाही.

याहून जुना तंटा अल्टेक आणि जेबीएल यांच्यातला. वास्तविक ती भाऊबंदकी आहे. जेम्स लान्सिंग यांची कंपनी १९४१ मध्ये अल्टेकने घेतली, पाच वर्षे त्यांनी तिथे नोकरी केली आणि १९४६ मध्ये बाहेर पडून आपल्या नावाचा वेगळा कारखाना थाटला. त्याचेच पुढे जेबीएल झाले. ते स्वतः १९४९ मध्ये वारले. त्यांच्या दोन घराण्यांचे वारस मात्र अजून गॅरेजांतून भांडतात. त्यात जेबीएलने एक खोडी करून ठेवली आहे. दीड व्होल्टचा साधा सेल लावून स्पीकरचे धन-ऋण तपासतात. लाल टोकाला धन लावले की शंकू पुढे यायला हवा. जेबीएलचा जुना शंकू आत जातो. त्या कारखान्याने कित्येक दशके उलटाच संकेत पाळला. हे ठाऊक नसताना जेबीएल आणि दुसऱ्या कोणाचा स्पीकर शेजारी जोडला की एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो आणि बेस जागच्या जागी नाहीसा होतो. मग दोघे जण तासभर अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसतात. सेल शेवटी सापडतो तो भिंतीवरच्या घड्याळात.

चहा झाल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या मगनंतर, प्रत्यक्ष ऐकण्याचा कार्यक्रम येतो. हा भेटीतला सर्वांत छोटा भाग होय. डोनाल्ड फेगन यांची १९८२ सालची तबकडी ‘द नाइटफ्लाय’ लावतात, कारण जगभरचे ध्वनितंत्रज्ञ यंत्रणा तपासायला तीच लावत आले आहेत. ती कोणाला आवडते की नाही, हा प्रश्न आजवर निघालेला नाही. घरगुती स्पीकर एका वॉटमध्ये मीटरभर अंतरावर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. कर्णेवाला खोका तेवढ्याच विजेत १०० च्या वर जातो. १५ डेसिबलचा फरक भरून काढायला घरगुती स्पीकरला सुमारे ३० पट वीज लागते. म्हणजे यजमानाने हजार वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लावला असला तरी त्यातला एखादाच वॉट कामावर असतो, बाकीचे बसून असतात. इतक्या संवेदनशील कर्ण्यातून अ‍ॅम्प्लिफायरची सूंसूंही अगदी स्वच्छ ऐकू येते. तिचेही कौतुक होते.

खरी अडचण अंतराची. मैफलीचा हा खोक्यांचा मनोरा पंधरावीस मीटर दूर उभ्या असलेल्या गर्दीसाठी रचलेला असतो; तितक्या अंतरावर त्याचे तुकडे एकमेकांत मिसळतात. गॅरेजमध्ये पाहुणा तीन मीटरवर असतो. बेस त्याच्या गुडघ्यांना मिळतो, मधले सूर मार्टिनच्या ‘फिलिशेव्ह’मधून छातीला, आणि वरचे सूर डोक्यावरून निघून जातात. (दोन गोल तोंडांमुळे फिलिप्सच्या दाढीच्या यंत्रासारखा दिसतो, म्हणून त्या कर्ण्याला हे नाव पडले. त्याचे बारसे इंग्लिश हमालांनी केले असावे, असे वाटण्याजोगे आहे.) उपाय एकच. गॅरेजचे दार उघडायचे आणि पाहुण्याने रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर उभे राहायचे. तिथे आवाज खरोखर सुंदर येतो. पाऊसही येतो. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते. ती पातळ दारांना आणि विटांच्या एकेरी भिंतींना जुमानत नाही, त्यामुळे श्रोतृवर्ग झपाट्याने वाढतो. इंग्लंडात १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नगरपालिकेला गोंगाट बंद करण्याची नोटीस देता येते. अनुभवी यजमान एक गाणे पूर्ण होऊ देतो, दुसरे अर्ध्यावर थांबवतो.

उरलेला वेळ उचलण्यात जातो. मागचा खोका पुढे काढायचा असतो, त्यासाठी पुढचे तीन बाजूला, आणि ते ठेवायला अंगणातली सायकल शेजाऱ्याकडे. या छंदात मित्र हवा तो प्रामुख्याने दुसऱ्या बाजूची मूठ धरायला. भेटीची खरी मैत्री इथेच जमते, कारण कण्हताना माणसे खोटे बोलत नाहीत. कोणता स्पीकर कधी विकला आणि त्याचा पश्चात्ताप किती, हे याच वेळी कळते. विकत घेतल्याचा पश्चात्ताप मात्र कोणी बोलून दाखवत नाही.

निरोपाच्या वेळी यजमान अडगळीतला एकटा कर्णा पुढे करतो. जोडीदार हरवलेला आहे, पैसे नकोत, जागा होईल. पाहुणा दोनदा नाही म्हणतो. तेवढ्यात कांबळे सारखे केलेले असते. एकटा कर्णा घरी आला की त्याच्या जोडीचा शोध सुरू होतो, आणि जोडी ज्याच्याकडे आहे तो आणखी कुठल्या तरी लांबच्या गावी राहत असतो.

मराठी वाचकाला यासाठी इंग्लंडला जायला नको. भारतातल्या अनेक बोलपटगृहांत एके काळी आरसीए आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक यांची ध्वनियंत्रणा होती, आणि एकपडदा चित्रपटगृहे आता आपल्याकडे भराभर पाडली जात आहेत. गावातले थिएटर बंद होत असेल तर पडदा उतरवण्याआधी मालकाची परवानगी घेऊन एकदा त्याच्या मागे डोकावून यावे. भंगारवाला कर्ण्याला पत्र्याच्या भावाने तोलतो. जाताना दुसऱ्या बाजूची मूठ धरणारा कोणी तरी सोबत न्यावा, आणि घरी काय सांगायचे ते आधी ठरवून ठेवावे.