बोरीकाठची आवर्तनं

रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टर म्हणाले, "जरा निसर्गात बसत जा." गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाल्या. निसर्गाचं काय करायचं? मार्चमध्ये पारोळ्यात निसर्ग म्हणजे ऊन.

काकूने तोड काढली. "बोरीवर जा. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं कर. डोकं गार होतं."

बोरी काही साधी नदी नव्हे. खाली अमळनेरला तिच्या वाळवंटात सखाराम महाराजांची समाधी आहे, वैशाखात तिथेच यात्रा भरते. त्याच गावात प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खाली एवढं करणारी नदी वर माझ्या रक्तदाबाकडे थोडं बघेलच, असा हिशेब करून मी सकाळी बहादरपूरच्या बाजूला गाडी काढली.

नदी होती. पाणी नव्हतं. तामसवाडीचं धरण ते वर अडवून बसलेलं. मधे एक डबकं, डबक्यात एक म्हैस. डोळे मिटून, नाकापर्यंत बुडून, रवंथ करत. डॉक्टरांना जे काही अभिप्रेत होतं ते तिला गोळीशिवाय साधलं होतं.

मी बाभळीखाली बसलो. सातव्या आवर्तनाला एक बकरी माझी पिशवी खाऊ लागली. मागून तिचा मालक आला.

"काय करी ऱ्हायनात, साहेब?"

"आवर्तनं करतोय, बाबा."

म्हातारा एकदम सावरून उभा राहिला. डोक्यावरची टोपी नीट केली. "मंग पानी कव्हय सोडशात?"

आमच्याकडे धरणातून पाणी सुटतं त्यालाही आवर्तनच म्हणतात, हे पारोळ्यात जन्म काढूनही मला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं तेव्हा उशीर झाला होता. बाबांनी हाक मारली होती, आणखी तिघे बांधावरून उतरत होते. मी साहेब नाही, हे मी परोपरीने सांगितलं. पण साहेब लोक असंच सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं. विहिरींनी तळ गाठलाय, गुरांचे हाल आहेत, सगळं ऐकून घेतलं. मग एकाने फडकं सोडलं: कळण्याची भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. भरिताला काड्यांवर भाजल्याचा वास होता. चौदा आवर्तनं राहिली ती राहिलीच. बाभळीखाली तासभर झोप मात्र अशी लागली, की उठलो तेव्हा ती म्हैस माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने बघत होती.

पुढच्या आठवड्यात नदीला खरंच पाणी सुटलं.

आता मी बोरीवर जात नाही. मागच्या रविवारी गेलो, तर बाभळीखाली अकरा माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात अर्ज, आणि म्हाताऱ्याकडे दोन डबे भरीत.

"साहेब," तो म्हणाला, "यंदा एकवीस नको. दोन आवर्तनं करा, पन टायमावर."