लफ्फेदार नाना

प्रत्येक कुटुंबात एक नाना असतात. लग्न ठरलं की कार्यालय कोणी बघायचं, आचारी कोणी ठरवायचा यावर भांडणं होतात. पत्रिका मात्र नानांकडे, यावर दुमत नसतं. कारण त्यांना नाही म्हटलं की ते अक्षरांच्या वळणावर तासभर बोलतात, आणि लग्नघरात तासभर कोणाकडे असतो?

तिरपं, एकमेकांत गुंफलेलं, शेपटीदार अक्षर नसेल तर नाना त्याला अक्षरच म्हणत नाहीत. टाक-दौतीने इंग्रजी कित्ता गिरवलेली ही पिढी. रेघ खाली येताना टाक दाबायचा, वर जाताना हलका सोडायचा, म्हणजे जाड-बारीक वळण उमटतं. चुकलं की मास्तरांची फूटपट्टी. तिचा वळ बोटांवरून गेला, डोक्यातून गेला नाही. नोकरीत असताना नानांची सही एवढी लफ्फेदार होती की चेकवर ती रकमेच्या अंगावर चढायची.

नाना येताना दिसले की डीटीपीवाला पोरगा चहा सांगायला बाहेर पळतो. नाना निवांत बसून राहतात. तो परततोच.

"हे काय लावलंयस?"

"टाइम्स आहे, नाना."

"पत्रिका आहे की समन्स?"

मग एकेक फॉन्ट समोर येतो आणि नापास होतो. मोनोटाइप कॉर्सिव्हा नानांच्या मते संगीत खुर्चीच्या प्रमाणपत्रापुरती ठीक. खरं तर तिचं कूळ मोठं. सोळाव्या शतकात पोपच्या कचेरीत लेखनिक असलेल्या लुडोविको अरिगीच्या वळणावरून पॅट्रिशिया साँडर्स यांनी ती घडवली. पण ऑफिसच्या सॉफ्टवेअरबरोबर ती घरोघरी पोचली आणि ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवर जाऊन बसली. फुकट मिळालेल्या गोष्टीला नाना मान देत नाहीत.

त्यांचा जीव स्नेल राउंडहँडवर. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये चार्ल्स स्नेल नावाचे सुलेखन शिकवणारे मास्तर होते. त्यांच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर यांनी 1960च्या दशकात हा टाइप काढला. इथे नाना खुर्ची पुढे ओढतात, आणि खरं सांगायचं तर इथे ऐकावं असंच बोलतात. जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्याचं अंग चौकोनी. तिरप्या अक्षराची शेपटी शेजारच्या खिळ्याच्या हद्दीत जायची कशी? फोटोटाइपसेटिंग आलं, खिळ्याची भिंत पडली आणि अक्षरं खऱ्या अर्थाने जोडली गेली. एवढं समजावून झालं की नाना पोराला सांगतात, "आता अक्षरं जरा ऐसपैस कर." पोरगा अंतर वाढवतो आणि कार्टरसाहेबांनी जुळवलेला प्रत्येक सांधा निखळतो.

याहून मोठा घात कॅपिटलांचा. एड बेंगियाट यांची 1994ची एडवर्डियन स्क्रिप्ट नानांनी निवडली आणि नवऱ्या मुलाचं आडनावासकट अख्खं नाव कॅपिटलमध्ये घेतलं. या लिपीतलं कॅपिटल म्हणजे तुरेवाला फेटा बांधलेला व्याही. पंगतीच्या तोंडाशी एक शोभतो. दहा ओळीने बसवले की तुऱ्यात तुरे अडकतात आणि मागचा कोण, पुढचा कोण, काही कळत नाही. मुहूर्ताच्या आकड्यांनाही नानांनी तीच लिपी दिली. 11.17 मधला एक एक दुसऱ्याच्या मागे लपला आणि मुलाचे साहेब थेट जेवायलाच आले. नानांच्या मते त्यांनी वेळ बरोबर साधली.

नानांची देशभक्तीही वळणदारच. "मोडी ही आपली कर्सिव्ह!" हेही खोटं नाही. लेखणी शक्य तितकी कमी उचलायची आणि झरझर पुढे जायचं, यासाठीच तर ती लिपी घडली. 2014मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाल्याचं नानांना समजलं आणि पुढच्या पत्रिकेचा मथळा मोडीत गेला. तो वधूपित्याला वाचता आला नाही, गुरुजींना नाही, नानांना तर नाहीच. मोडी जाणणाऱ्या एका पाहुण्याने तेवढा वाचला आणि तो खाली मान घालून जेवला. काय वाचलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

लग्नसराई संपली की नाना सोसायटीकडे वळतात. टाकी धुवायची म्हणून दिवसभर पाणी बंद, ही सूचना त्यांनी एकदा वेलबुट्टीच्या चौकटीत, लफ्फेदार इंग्रजीत लावली. लोकांनी ती लांबूनच पाहिली, सेक्रेटरींच्या मुलीचं ठरलं असं समजून अभिनंदन करून आले आणि घरी जाऊन कोरड्या नळाखाली हात धरून उभे राहिले.

तरीही मी नानांच्या बाजूने आहे. वधूवरांची दोन नावं, मोठ्या आकारात, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून त्यांच्या लाडक्या वळणात छापलेली पाहिली की पत्रिका फेकवत नाही. या लिपीचं काम तेवढंच आहे आणि ते तिच्याइतकं सुरेख कोणी करत नाही. तेव्हा तुमच्याकडे कार्य निघालं तर नावं खुशाल नानांकडे द्या. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता आणि फोन नंबर मात्र, नाना चहा पीत असतील तेवढ्यात, डीटीपीवाल्याच्या कानात सांगून या.